दहा संध्याकाळींचं नाटक: कार्ल क्राउस आणि रंगमंचावर न मावणारी संहिता

‘मानवजातीचे अखेरचे दिवस’च्या प्रस्तावनेतच लेखक सांगून टाकतो की हे नाटक पृथ्वीवरच्या रंगभूमीसाठी लिहिलेलं नाही. प्रयोग करायचाच झाला तर पृथ्वीच्या घड्याळाप्रमाणे सुमारे दहा संध्याकाळी लागतील, आणि तोही मंगळावरच्या नाट्यगृहात व्हावा. इथल्या प्रेक्षकांना तो सोसवणार नाही, कारण समोर दिसणारं रक्त त्यांच्याच रक्तातलं आहे. पूर्वरंग, पाच अंक आणि एक उपसंहार, एकूण २२० प्रवेश, छापील सुमारे ८०० पानं, पाचशेच्या आसपास पात्रं. कार्ल क्राउस यांनी ते १९१५ ते १९२२ या काळात लिहिलं. पहिलं महायुद्ध व्हिएन्नाच्या फुटपाथवर, कचेऱ्यांत, कॉफीगृहांत आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत कसं लढलं गेलं, हा त्याचा विषय.

लेखकाने ‘करू नका’ म्हटलेलं हे नाटक पुढे अनेकदा झालं. कुणी एका संध्याकाळीत बसवलं, कुणी दोन, कुणी कारखान्यात, कुणी पाणबुड्यांच्या बंकरमध्ये. संहिता तीच, प्रत्येकाने कात्री वेगळ्या जागी चालवली. ती कुठे चालली, त्यातून काय हाती आलं आणि काय फसलं, ते इथे पाहू.

लेखक

क्राउस यांचा जन्म २८ एप्रिल १८७४ रोजी बोहेमियातल्या यिचीन गावी झाला. वडील कागदाच्या धंद्यातले, खाऊनपिऊन सुखी ज्यू कुटुंब. १८७७ मध्ये कुटुंब व्हिएन्नाला आलं आणि क्राउस मरेपर्यंत, म्हणजे १२ जून १९३६ पर्यंत, त्याच शहरात राहिले. त्यांच्या चरित्रातल्या दोन गोष्टी या प्रकरणासाठी महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे त्यांना नट व्हायचं होतं. १८९३ मध्ये शिलरच्या ‘दरोडेखोर’मध्ये त्यांनी खलनायक फ्रान्झ मोर केला आणि सपशेल पडले. पण नाटक काही सुटलं नाही. १९०५ मध्ये जर्मन नाटककार वेडेकिंडच्या ‘पँडोराची पेटी’चा खासगी प्रयोग त्यांनी व्हिएन्नात घडवून आणला, कारण सेन्सॉर तो जाहीरपणे होऊ देणं शक्य नव्हतं, आणि त्यात स्वतः एक छोटी भूमिकाही केली. पुढे १९१० पासून मरेपर्यंत त्यांनी एकट्याने टेबलाशी बसून तब्बल ७०० जाहीर वाचनं केली. स्वतःचं लेखन, शेक्सपिअर, व्हिएन्नाचा नाटककार नेस्ट्रॉय, ऑफेनबाखच्या ऑपेरेटा म्हणजे हलकीफुलकी संगीतनाटकं, सगळं एकाच गळ्यातून. मराठीत आपण ज्याला अभिवाचन म्हणतो त्यातला हा बहुधा विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा माणूस.

दुसरी गोष्ट ‘डी फाकेल’, म्हणजे ‘मशाल’. एप्रिल १८९९ मध्ये सुरू केलेलं हे नियतकालिक १९३६ पर्यंत चाललं: ९२२ अंक, ४१५ पुस्तिकांत, एकूण सुमारे २२,५०० पानं. १९११ च्या अखेरीपासून त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द क्राउस यांचा. ते सुरू करण्याआधी ‘नोये फ्राये प्रेस’ या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या सर्वांत वजनदार वृत्तपत्राने त्यांना नोकरी देऊ केली होती. ती नाकारून त्यांनी उरलेलं आयुष्य त्याच वृत्तपत्राच्या आणि त्याचे संपादक मोरित्स बेनेडिक्ट यांच्या मागे लागण्यात घालवलं. टीकाकार म्हणून त्यांचं हत्यार एकच: समोरच्याचं वाक्य उचलायचं, जसंच्या तसं छापायचं आणि शेजारी एखादी ओळ लिहायची. कधीकधी तीही नाही.

संहिता कशी जुळली

या हत्याराचंच नाटक झालं. प्रस्तावनेत ते बजावतात की यातली सर्वांत अविश्वसनीय संभाषणं शब्दशः बोलली गेलेली आहेत आणि सर्वांत भडक कल्पना वाटतात ती अवतरणं आहेत. अग्रलेख, जाहिराती, लष्करी फतवे, न्यायालयाचे निकाल, ट्राममध्ये कानावर पडलेलं बोलणं. यातलं बरंच आधी ‘फाकेल’मध्ये टिपण म्हणून आलेलं. युद्धकाळात त्या अंकांवर सेन्सॉरची कात्री चाले आणि काढलेल्या मजकुराच्या जागी पांढरे पट्टे छापले जात. साम्राज्य कोसळल्यावर सेन्सॉर गेला. डिसेंबर १९१८ मध्ये आधी उपसंहार आणि १९१९ मध्ये बाकीचे अंक ‘फाकेल’च्या विशेषांकांत आले. नंतरच्या तीन वर्षांत नवी कागदपत्रं उजेडात आली, प्रवेश वाढले, सूर बदलला, आणि १९२२ मध्ये ग्रंथ तयार झाला. सुरुवातीलाच छायाचित्र: १२ जुलै १९१६ रोजी त्रेंतो इथे फाशी दिलेल्या, इटलीच्या बाजूने लढलेल्या चेझारे बात्तिस्ती यांच्या देहाभोवती उभे राहून फोटोसाठी हसणारे लोक, मध्यभागी खुशीत असलेला फाशीगर. पोस्टकार्डासारखं पसरलेलं छायाचित्र. क्राउस यांनी त्याला नाटकाचा दर्शनी पडदाच करून टाकलं.

एक प्रवेश जवळून पाहू, म्हणजे पद्धत कळेल. पहिल्या अंकातला चौदावा. रशियातून नुकतीच परतलेली नटी एल्फ्रीड रिटर हिचं घर. ट्रंका अर्धवट उघडलेल्या. फ्युक्सल, फाइगल आणि हाल्बरश्टाम हे तीन बातमीदार तिचे दंड धरून उभे. ही रंगसूचनाच आहे. रशियनांनी छळ कसा केला, ते सांगा. ती म्हणते, छळ झाला नाही, लोक नीट वागले. चाबकाचे वळ दाखवा. वळ नाहीत. मग तिघं तिला समजावतात, कागदावर काय छापलं जाणार आहे ते ठरलेलंच आहे. ती ‘खरं सांगते’ म्हणून हट्ट धरते तेव्हा आवाज बदलतो: तुमच्या कारकिर्दीला हे बरं नाही, रंगभूमीवर परत उभं राहायचंय ना? वृत्तपत्र आणि नाट्यगृह यांचे हितसंबंध कुठे गाठ मारून बसलेत, हे या दोन-तीन पानांत जेवढं दिसतं तेवढं क्राउस यांच्या लांबलचक लेखांतही दिसत नाही. आणि दिग्दर्शकाच्या सोयीचा मुद्दा असा की इथे पात्रं तीन अधिक एक, नेपथ्य म्हणजे दोन ट्रंका, अंगविक्षेप एकच: दंड धरलेले. प्रवेशभर ते सोडायचे नाहीत.

लांबीचा हिशोब

संवादाच्या एका छापील पानाला सरासरी दोन मिनिटं धरू. ८०० पानं म्हणजे १,६०० मिनिटं, सुमारे २७ तास. दहा संध्याकाळींत विभागले तर प्रत्येकी पावणेतीन तासांच्या आत. म्हणजे ‘दहा संध्याकाळी’ ही क्राउस यांची अतिशयोक्ती नव्हती. वाचनाची सवय असलेल्या माणसाने केलेला तो रोकडा हिशोब होता. आता साडेतीन तासांचा प्रयोग, तोही मध्यंतर वगळून, करायचा ठरवला तर २१० मिनिटं मिळतात. म्हणजे १०५ पानं. सत्त्याऐंशी टक्के मजकूर बाहेर.

नटांचं गणितही असंच. वीस जण घेतले तर पूर्ण संहितेत एकेकाच्या वाट्याला पंचवीस भूमिका. वेशभूषा बदलायला वेळ नाही, कारण कित्येक प्रवेश दीड-दोन मिनिटांचे आहेत. काही प्रवेशांत तर दोन वाक्यं आहेत आणि त्यांच्याआधी अर्ध्या पानाची रंगसूचना, जिच्यात आख्खी पलटण किंवा पायाने अधू झालेल्यांची रांग रस्त्यावरून जाते. ही सूचना पाळायची तर पन्नास माणसं हवीत. वगळली तर त्या दोन वाक्यांना अर्थ उरत नाही. २२० प्रवेश पाच अंकांत सारखे वाटलेलेही नाहीत: पूर्वरंगात १०, मग ३०, ३३, ४६, ४५ आणि पाचव्या अंकात ५५. युद्ध जसं लांबतं तसे प्रवेश वाढतात, तुटक होतात. त्यामुळे प्रत्येक अंकातून सारख्या प्रमाणात छाटणी केली की नाटकाची लय मोडते. ही चूक कागदावर दिसत नाही, तालमीत दुसऱ्या आठवड्यात कळते.

लेखकाच्या हयातीत

क्राउस यांनी दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांना प्रयोगाची परवानगी दिली नाही. राइनहार्ट यांच्या भपकेबाज रंगभूमीवर क्राउस आधीपासूनच तुटून पडत होते. दिग्दर्शक एर्विन पिस्काटोर यांनाही नाही. दिली ती फक्त ‘शेवटची रात्र’ या उपसंहाराला. ४ फेब्रुवारी १९२३ रोजी व्हिएन्नाच्या नोये वीनर ब्यूनेमध्ये रिखार्ड वीनर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘शेवटची रात्र’ झाली. १९३० मध्ये बर्लिनच्या शिफबाउअरडाम नाट्यगृहात तिचा प्रयोग झाला, त्याला हान्स आइसलर यांचं संगीत होतं.

उपसंहारच का? कारण तो पद्यात आहे, एका जागी घडतो आणि एका रात्रीत संपतो. रणभूमी, वायूचे मुखवटे चढवलेले पुरुष आणि स्त्रिया, मरणाऱ्या सैनिकाला ‘जरा असे वळा’ सांगणारे चित्रपटवाले, विषारी वायूचा अभिमान बाळगणारा बर्लिनचा अभियंता, माणसाच्या तोंडाचे तरस आणि त्यांचा स्वामी. मग मंगळावरून हल्ला, उल्कांचा पाऊस. सोयीचं म्हणून निवडलेलं, पण नाटकाचं हे सर्वांत कमी प्रातिनिधिक अंग आहे. बाकीच्या २१९ प्रवेशांत रणभूमीवरच्या भुतांपेक्षा कॉफी ढवळणारे लोक जास्त भयंकर आहेत.

१९२९-३० मध्ये त्यांनी स्वतः एक रंगावृत्ती तयार केली आणि ती जाहीर वाचनांत सादर केली. छापून ती आली थेट १९९२ मध्ये. तिच्यातली सर्वांत धक्कादायक काटछाट म्हणजे कुरकुऱ्या हे पात्र. मूळ नाटकात कुरकुऱ्या आणि आशावादी यांचे लांबच लांब संवाद अंकाअंकांत पसरलेले आहेत, आणि कुरकुऱ्या म्हणजे उघडपणे क्राउसच. रंगावृत्तीत लेखकाने आधी स्वतःलाच बाहेर काढलं. आजही पुष्कळ दिग्दर्शक उलटं करतात: नाटकाला धागा हवा म्हणून कुरकुऱ्याला सूत्रधार बनवतात. प्रेक्षकाला सोबती मिळतो हे खरं, पण सोबती मिळाला की प्रेक्षक सुटतो. कुणीतरी आपल्या वतीने संतापतोय म्हटल्यावर आपल्याला फक्त मान डोलवायची उरते. १९३० ची रंगावृत्ती याबाबत जास्त निर्दय आणि जास्त नाटकी आहे, आणि माझं मत तिच्या बाजूने आहे.

नंतरचे प्रयोग

पहिला मोठा प्रयोग व्हायला लेखकाच्या मृत्यूनंतर २८ वर्षं जावी लागली. १९६४ च्या व्हिएन्ना महोत्सवात थिएटर आन डेर वीनमध्ये लेओपोल्ड लिंटबेर्ग यांनी तो केला; आवृत्ती त्यांची आणि क्राउस यांचे विश्वासू हाइनरिख फिशर यांची. एका संध्याकाळीत निवडक प्रवेश, असा त्याचा आराखडा. त्यामुळे ‘क्राउस करता येतो’ हे सिद्ध झालं आणि त्याचबरोबर ‘निवडक प्रवेश’ हा साचाही पडला, जो अजून पुरता मोडलेला नाही.

हान्स हॉलमान यांनी १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला दोन संध्याकाळी घेतल्या आणि १९८० मध्ये व्हिएन्नाच्या कॉन्झर्टहाउसमध्ये पुन्हा केलं. दुप्पट वेळ म्हणजे नुसते दुप्पट प्रवेश नव्हेत. प्रेक्षक दुसऱ्या दिवशी परत येतो तेव्हा तीच माणसं त्याच कोपऱ्यावर तेच बोलताना त्याला भेटतात, आणि मधे गेलेला एक दिवस युद्धाच्या वर्षांची जागा भरून काढतो. नाटक ज्या पुनरावृत्तीवर उभं आहे तिला इथे पहिल्यांदा जागा मिळाली.

लुका रोंकोनी यांनी १९९० मध्ये इटलीतल्या तुरीनला वेगळाच मार्ग काढला. लिंगोत्तो, फियाटचा बंद पडलेला मोटार कारखाना. साठांहून अधिक नट, रुळांवरून सरकणारे डबे, छापखान्याची यंत्रं, आणि अनेक प्रवेश एकाच वेळी चालू. प्रेक्षक मधून फिरतात, हवं तिथे थांबतात. लांबीची अडचण त्यांनी वेळ वाढवून सोडवली नाही, प्रवेश शेजारी शेजारी ठेवून सोडवली. वृत्तपत्राचं पान डोळा असंच वाचतो: युद्धाची बातमी, शेजारी साबणाची जाहिरात, खाली मृत्युवार्ता. संहितेच्या जन्माला ही रचना शोभते. किंमत मात्र मोठी आहे, कारण वाक्य नीट ऐकू येत नाही, आणि या नाटकात वाक्याखेरीज दुसरं फारसं काही नाही.

योहान क्रेस्निक यांनी १९९९ मध्ये ब्रेमेनजवळच्या ‘व्हालेंटिन’ बंकरमध्ये प्रयोग केला. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या बांधण्यासाठी कैद्यांना आणि वेठबिगारांना राबवून उभारलेली ही प्रचंड काँक्रीटची वास्तू. तिथे गेल्यावर पहिल्या युद्धाबद्दलचं नाटक आपोआप दुसऱ्याबद्दल बोलू लागतं. परिणाम जबरदस्त होतो, पण जागाच एवढी बोलकी की कॉफीगृहातली कुजबुज तिच्यासमोर क्षुल्लक वाटते. नेमकी ती क्षुल्लक कुजबुज क्राउस यांना गुन्ह्याचं मूळ वाटत होती.

२०१४, युद्धाची शताब्दी. साल्झबुर्ग महोत्सव आणि व्हिएन्नाचं बुर्गथिएटर यांची संयुक्त निर्मिती. बुर्गथिएटरचे संचालक माथियास हार्टमान दिग्दर्शन करणार होते, त्यांना त्या वर्षी मार्चमध्ये पदावरून हटवलं गेलं आणि काम गेओर्ग श्मीडलाइटनर यांच्याकडे आलं. महोत्सव उन्हाळ्यात. एवढ्या संहितेला चार-पाच महिने म्हणजे कागदावरची छाटणीच संपत नाही. २०१८ मध्ये पाउलुस मांकर यांनी वीनर नॉयश्टाटच्या एका जुन्या औद्योगिक शेडमध्ये पुन्हा ‘फिरता प्रेक्षक, एकाच वेळी अनेक प्रवेश’ ही पद्धत वापरली, जेवणासकट.

या सगळ्यांच्या शेजारी एक माणूस ठेवायला हवा: हेल्मुट क्वाल्टिंगर. व्हिएन्नाचा नट. तो ध्वनिमुद्रणांत हे नाटक एकट्याने वाचतो. नेपथ्य नाही, वेश नाही, एक आवाज आणि त्यातून निघणारे शंभर आवाज: प्रशियाचा अधिकारी, हंगेरियन ढबीचा कॅप्टन, चेक ढबीचा हवालदार, युद्धात पैसा केलेल्याची बायको. बहुतेक जर्मन भाषकांच्या कानात हे नाटक आहे ते क्वाल्टिंगरमुळे. क्राउस यांचा स्वतःचा आवाजही उपलब्ध आहे. १९३४ च्या एका बोलपटात ते आपले लेख वाचतात, त्यात व्हर्दँच्या रणभूमीची सहल ११७ फ्रँकमध्ये, जेवणखाण धरून, देऊ करणाऱ्या जाहिरातीवरचा मजकूर आहे. एकेका सुविधेचा उल्लेख करताना आवाज चढत जातो, पण शब्द जाहिरातीतलेच. नटांनी तालमीआधी हे पाहावं.

काय फसतं आणि का

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे पुनरावृत्ती काढून टाकणं. प्रत्येक अंक व्हिएन्नाच्या रिंगश्ट्रासवर, ऑपेरासमोरच्या सिर्कच्या कोपऱ्यावर उघडतो. पेपरवाली पोरं ओरडतात, ‘जादा अंक!’, गर्दी फिरते, आणि नोवोट्नी, पोकोर्नी, पोवोल्नी आणि त्यांना हाक मारणारा एक, असे चार अधिकारी गप्पा मारतात. विषय तेच: काल किती प्यालो, श्योनप्फ्लुगचं नवं व्यंगचित्र पाहिलंस का. छाटणी करणारा म्हणतो, हा प्रवेश पाच वेळा कशाला, एकदा पुरे. पण बदलतं ते कोपऱ्यावरचं जग: कुबड्या येतात, भिकारी येतात, काळाबाजारवाले येतात, हे चौघं मात्र व्यंगचित्रावरच हसतात. विनोद दुसऱ्यांदा फिका पडतो, तिसऱ्यांदा कंटाळा येतो, पाचव्यांदा अंगावर काटा येतो. पाचातले दोन काढले की तो फक्त फिका विनोद राहतो. एक संध्याकाळ असो की पाच, ही पाच उघडणी आधी बाजूला काढून ठेवावीत. मग उरलेल्या वेळात काय बसतं ते पाहावं.

दुसरी चूक नकलेची. नट ढब पकडतो, प्रेक्षक हसतो, नट अजून ताणतो. पण ओळ जशीच्या तशी अग्रलेखातून आलेली आहे. तिला वरून विनोदाची फोडणी घातली की ती कुणीतरी बनवलेली वाटू लागते. म्हातारे बियाख, ‘नोये फ्राये प्रेस’चे परमभक्त, पाचव्या अंकात बेनेडिक्टच्या अग्रलेखातली वाक्यं तोंडात घोळवतच मरतात. हा प्रवेश हास्यास्पद करायला फार सोपा आहे. जिथे नटाने तो खऱ्या मरणासारखा, श्वास पुरत नसताना वाक्य पुरं करण्याची धडपड म्हणून केला, तिथे हसू आपोआप येतं आणि अर्ध्यात थांबतं.

तिसरी अडचण भाषेची, आणि तिच्यावर पूर्ण उपाय नाही. व्हिएन्नाची बोली, प्रशियाची करडी जर्मन, ज्यू व्यापाऱ्यांची मिश्र बोली, सरकारी कागदाची भाषा, प्रत्येक माणूस कुठल्या भाषेत खोटं बोलतो यावर विनोद आणि भीषणता दोन्ही उभी आहेत. अनुवादात यातली दोन-तीन अंतरं टिकवता येतात. सगळी बोली एकाच प्रमाणभाषेत उतरवली तर पाचशे पात्रं एकाच माणसासारखी बोलू लागतात. प्रत्येकाला स्थानिक बोली दिली तर युद्ध व्हिएन्नातून उठून भलत्याच गावात जातं. त्यातल्या त्यात सरकारी भाषा आणि वर्तमानपत्री भाषा हे दोन सूर कुठल्याही भाषेत सापडतात. ते सांभाळावेत.

चौथी गोष्ट नाजूक आहे. पत्रकार, सट्टेबाज, युद्धात पैसा केलेले लोक यांतले बरेचसे ज्यू म्हणून, त्यांच्या ढबीसह, रंगवलेले आहेत. लेखक स्वतः ज्यू कुटुंबातला. १८९९ मध्ये त्याने तो धर्म सोडला, १९११ मध्ये कॅथलिक झाला, १९२३ मध्ये तोही सोडला. १९२२ मध्ये जे घरातलं भांडण होतं ते १९४५ नंतर तसं राहिलेलं नाही. काही प्रयोगांत ती ढब पुसून टाकतात, काहींत तशीच ठेवतात. पुसली तर पात्रं निर्जीव होतात. ठेवली तर प्रेक्षागृहात चुकीच्या जागी चुकीचं हसू येऊ शकतं. व्यवहारात उपयोगी पडतं ते म्हणजे वाटप: एकाच नटाला बातमीदार, पाद्री, प्रशियाचा अधिकारी आणि व्यापारी या भूमिका एकापाठोपाठ देणं, म्हणजे दोष एका जमातीला चिकटत नाही.

युद्धवार्ताहर आलिस शालेकचं पात्र असंच घसरतं. खऱ्या आयुष्यात ती ‘नोये फ्राये प्रेस’साठी आघाडीवरून लिहिणारी, छायाचित्रं काढणारी बाई. नाटकात ती तोफखान्याच्या सैनिकाला विचारत राहते, आत्ता तुम्हाला काय वाटतंय? नटी तिला बेताल बाई म्हणून खेळली की प्रेक्षक बाईवर हसतो आणि प्रश्न निसटतो. तो प्रश्न आजही दर संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर विचारला जातो. तो सभ्यपणे, सहानुभूतीने विचारावा. तेव्हाच लागतो.

छाटणीची चालणारी पद्धत

‘उत्तम प्रवेश निवडा’ ही पद्धत टाकून धागे निवडावेत. नाटकात आठ-दहा धागे सरळ दिसतात: सिर्कचा कोपरा, वर्तमानपत्राचा वर्गणीदार आणि देशभक्त, कुरकुऱ्या आणि आशावादी, शालेक, लष्करी न्यायालयं, पाद्री, लहान मुलं, शाळा, दुकानं, दरबार. एका संध्याकाळीसाठी तीन, फार तर चार धागे पुरे. प्रत्येक धागा पहिल्यापासून पाचव्या अंकापर्यंत न्यायचा, मधे तोडायचा नाही. त्यासाठी आधी २२० चिठ्ठ्या कराव्या लागतात: प्रवेश क्रमांक, जागा, पात्रसंख्या, पानं, धागा, आणि मजकूर अवतरण आहे की लेखकाचा. ही शेवटची नोंद वगळू नये. अवतरण असलेल्या वाक्याच्या आत छाटणी करायची नाही, प्रवेश पुरा ठेवायचा किंवा पुरा काढायचा. लेखकाच्या वाक्यांत छाटणी चालते. कुरकुऱ्याच्या भाषणांत तर खुशाल.

मग पुरावा. काही प्रयोगांत अवतरणांच्या वेळी मागे वर्तमानपत्राचं कात्रण दाखवतात. प्रेक्षक वाचत बसतो, नटाचं ऐकत नाही. पहिल्या वीस मिनिटांत तीन-चारदा दाखवून थांबलं की पुरतं. पुढे प्रेक्षक प्रत्येक भडक वाक्याबद्दल स्वतःच विचारू लागतो, हे खरंच कुणी बोललं होतं का? तेवढंच हवं असतं.

पाचव्या अंकाच्या शेवटचा लष्करी मेजवानीचा प्रवेश, ज्यात भिंतीवर एकापाठोपाठ एक दृश्यं उमटत जातात, तो आणि उपसंहार दोन्ही ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. साडेतीन तासांत दोन्ही बसत नाहीत. दोन शेवट एकमेकांना खातात. मेजवानी ठेवली तर नाटक माणसांपाशी संपतं, उपसंहार ठेवला तर आकाशात. आकाश निवडलं तर एक तांत्रिक गोष्ट आधीच सोडवावी लागते. अगदी शेवटचं वाक्य देवाच्या आवाजात आहे: ‘मला हे नको होतं.’ ते वाक्य देवाचं नाही, जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याचं आहे. युद्ध आपल्याला नको होतं, असं तो जाहीर सांगत असे. ज्याला हे ठाऊक नाही त्याला शेवट ईश्वराच्या शोकासारखा वाटतो आणि तो भारावून बाहेर पडतो. म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या अंकात कैसरचं ते वाक्य एकदा ठळकपणे, शक्यतो पेपरवाल्या पोराच्या तोंडून, ऐकवून ठेवावं, आणि शेवटी तोच आवाज, तेच हेल वापरावेत. माहितीपत्रकात छापून भागत नाही. अंधारात ते कुणी वाचत नाही.